अंधशाळेच्या व्हरांड्यातला आरसा

मी आरसा बोलतोय. अंधशाळेच्या व्हरांड्यातला आरसा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबतो. माझ्यापुढं उभं राहून हसणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यातला प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःला फार हुशार समजत होता, हेही पाहिलंय.

माझा जन्म पुण्यातला. काचेच्या दुकानात कापला गेलो, पाठीवर चंदेरी मुलामा चढला आणि टेम्पोत गवताच्या पेंढीवर पडून मंचरच्या फ्रेमवाल्याकडे आलो. तिथं मला सागवानी म्हणून विकलेली साध्या लाकडाची चौकट बसली. माझ्याबरोबर माझे सख्खे भाऊ बरेच होते, सगळे एका मापाचे. आम्हा सगळ्यांचा मालक एकच, निरगुडसरचे हौशीरामशेठ.

शेठ मोठे बागायतदार. ऊस, कांदा, दारात दोन ट्रॅक्टर. चौऱ्याण्णव साली त्यांचे वडील चिमाजी वारले. वडिलांचं नाव तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत लागलं पाहिजे, असं शेठच्या मनानं घेतलं. कुणीतरी पंखे सुचवले. शेठ म्हणाले, "पंख्यावरचं नाव कोन वाचतंय? लाइट न्हाई तर पंखा बी न्हाई. आरसा द्या. आरशात रोज बघावंच लागतंय मानसाला." माणसाची एवढी अचूक पारख असलेला हा गृहस्थ पुढं काय करून बसला ते ऐका.

फ्रेमवाल्याकडचा पेंटर माझ्या खालच्या बाजूला लाल रंगानं ठसठशीत अक्षरं काढत होता. 'कै. चिमाजी यांच्या स्मरणार्थ, हौशीराम चिमाजी, निरगुडसर, यांजकडून सप्रेम भेट.' सगळं लिहून झाल्यावर त्यानं शेठच्या माणसाला विचारलं, "ह्यो कुठं जायाचा?"

"घोडेगावच्या रस्त्याला अंधशाळा हाय बघ, तिथं."

पेंटरचा ब्रश हवेतच राहिला. "आंधळ्यांच्या शाळेत? आरसा?"

"शेठनी समद्या शाळांना सांगितल्यात. ती शाळा न्हाई व्हय? तू आपला रंग वाळव."

असा मी इथं आलो. डोळे असलेल्या दोन माणसांना चूक दिसली आणि दोघांनीही ती टेम्पोत चढवून दिली.

इथं आल्यावर तरी कुणी परत पाठवील असं मला वाटलं होतं. पण मुख्याध्यापक संपत सरांचं एक ठाम मत होतं की देणाऱ्याचा हात कधी मागं सारायचा नाही. त्या मतामुळं शाळेच्या अडगळीच्या खोलीत भिंतीवरची घड्याळं होती, रंगाच्या पेट्या होत्या, आणि हार्मोनियम तर इतक्या होत्या की त्यांच्यावर गाद्या रचून ठेवल्या होत्या. आंधळं मूल म्हणजे गाणारच, हे डोळस लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. मला मात्र अडगळीत टाकलं नाही. संपत सरांनी मला व्हरांड्यात, ऑफिसच्या दाराशेजारी लावलं. खिळा कुठं ठोकायचा ते त्यांनी स्वतः भिंतीला पाठ लावून, डोक्याच्या उंचीवर हात ठेवून दाखवलं. म्हणजे मी नक्की कुणासाठी लागलो ते तुमच्या लक्षात आलं असेल.

त्यानंतर मी जे पाहिलं त्यानं माझं माणसांबद्दलचं मत एकदाचं पक्कं झालं. शाळेत पाहुणे यायचे. कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाचं वर्षश्राद्ध, कुणाची निवडणूक. आले की आधी माझ्यापुढं. केस सारखे करायचे, टोपी नीट करायची, बायका कुंकू तपासायच्या. मग चेहरा उतरवायचा. आत शिरण्याआधी दुःखी चेहऱ्याची रंगीत तालीम माझ्यासमोर व्हायची. आत मुलं 'स्वागत स्वागत' म्हणायची, केळी वाटली जायची, फोटो निघायचा. परत जाताना पुन्हा माझ्यापुढं. यावेळी चेहरा प्रसन्न. पुण्य पदरात पडलं की माणसाचे गाल जरा फुगतात, ते मी इतक्या जवळून पाहिलंय की आता किळस येते.

मुलांचा आणि माझा संबंध नव्हता. मोठ्या मुलांचा हात कधी लागायचा. "हितं भित गार लागती," असं म्हणून ती उन्हाळ्यात तळवे टेकवायची. तेवढाच माझा उपयोग. स्वयंपाकाच्या कुशाबाई रोज सकाळी मला ओल्या कागदानं पुसायच्या आणि स्वतःचं कुंकू लावून जायच्या. त्या बाईनं माझ्यापुढं कधी सोंग केलं नाही, एवढं मान्य केलं पाहिजे.

मग कल्याणी आली.

डिंभ्याची पोर. बाप पोपट धरणात मासे धरायचा, आई अंजना ते घोडेगावच्या बाजारात विकायची. गावच्या शाळेत कल्याणी पाटीला नाक लावून अक्षरं बघायची, म्हणून गुरुजींनी सांगितलं, ही आंधळी आहे, अंधशाळेत घाला. खरं तर ती आंधळी नव्हती. तिला कमी दिसायचं. लांबचं सगळं धुरकट, पण वस्तू नाकाशी आणली की दिसायची. अशा मुलांना अंशअंध म्हणतात आणि शाळेच्या पाटीवर तो शब्द लिहिलेलाही होता. 'अंध व अंशअंध मुलांची निवासी शाळा.' पाटी रंगवणाऱ्यानं लिहिला आणि आत कुणी वाचला नाही. आत सगळ्यांना एकच माप, ब्रेल.

ब्रेल शिकवायचे भरत सर. ते डिंगोऱ्याचे, जन्मापासून पूर्ण अंध, आणि शिकवण्यात अतिशय कडक. त्यांच्या वर्गाचं दार माझ्या समोर, त्यामुळं मला सगळं दिसायचं. ब्रेलच्या कागदावर ठिपके उठलेले असतात, ते बोटांनी वाचायचे. पण कल्याणी काय करायची, कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरायची, नाक टेकवायची आणि ठिपक्यांच्या बारीक सावल्या डोळ्यांनी वाचायची. सरांना दिसत नव्हतं, पण त्यांना कागदावरचा तिचा श्वास ऐकू यायचा.

"कल्याणी, नाक वर."

"व्हय सर."

"बोटांनी वाच. डोळे तुझे नाहीत असं समज."

आणि ते खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या कागदावर पसरायचे. टॉवेलखाली हात घालून ती वाचायची आणि चुकायची. हा माणूस पाहुण्यांसारखा खोटा नव्हता, पण त्याचीही एक घमेंड होतीच. जे आपल्याला पुरलं ते सगळ्यांना पुरलं पाहिजे, असं त्याला मनापासून वाटायचं. पोरीजवळ दिसणारे डोळे असताना ते झाकायला शिकवणारी शाळा मी तरी दुसरी पाहिली नाही.

संपत सरांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या कपाटात काळ्या चष्म्यांचं एक खोकं होतं. समारंभाला सगळ्या मुलांना काळे चष्मे घालायचे, म्हणजे फोटो चांगला येतो. कल्याणीला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "तू चष्मा अजिबात काढायचा नाही. पाहुण्यांकडं बघायचं नाही. लोकांना वाटतं आपण फसवतोय." ती मान हलवायची. नजर वापरली की खर्च होते आणि आहे तेवढीही संपते, असंही ते तिला सांगायचे. हे शास्त्र त्यांनी कुठून आणलं कोण जाणे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं घरी जायची. कल्याणी येऊन चार वर्षं झाली, त्या वर्षी डिंभ्याची एसटी बंद पडली होती आणि पोपटला यायला उशीर झाला. शाळेत कल्याणी, कुशाबाई आणि भरत सर एवढेच उरले. दुपारी कल्याणीनं मोरीतली बादली आणली, माझ्याखाली पालथी घातली आणि वर चढली. तिचं नाक माझ्या काचेला लागलं. इतक्या जवळ कुणी आलं नव्हतं. माझ्यात स्वतःला बघायला आलेली नव्हती ती. तिचे डोळे खालच्या लाल अक्षरांवर होते. तिनं एकेक अक्षर नाकानं पुसल्यासारखं वाचायला सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, श्वासानं काच धुरकट होत होती आणि ती बाहीनं पुसत होती.

दुसऱ्या दिवशी कुशाबाई कुरकुरल्या, "कोन मेलं तेलकट नाक लावतंय हितं?" पण बादली त्यांनी मोरीत परत नेली नाही.

पोपट येईपर्यंत रोज तिचा अभ्यास चालला. एका दुपारी भरत सर व्हरांड्यातून काठी टेकत आले आणि थांबले. श्वास त्यांनी ओळखला.

"कोण, कल्याणी? काय करतीस?"

ती घाबरली. बादलीवरून उतरायला गेली तर बादली वाजली. "काय न्हाई सर. हितं लिवलंय ते वाचत व्हते."

"कुठं लिवलंय?"

तिनं त्यांचा हात धरून माझ्यावर ठेवला. सरांची बोटं माझ्यावरून फिरली. गुळगुळीत काच, रंगाचा किंचित उंचवटा, त्यातून त्यांना काही कळणं शक्य नव्हतं. इतकी वर्षं ते माझ्यासमोरून जात होते आणि मी काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"काय आहे हे?"

"आरसा हाय सर."

सर हसले. पहिल्यांदाच मला कुणाचं हसू आवडलं, कारण ते माझ्यावर नव्हतं. मग म्हणाले, "वाच बघू."

तिनं वाचलं. "कै. चिमाजी यांच्या स्म... स्मरणार्थ." पुढं सगळं वाचलं. जोडाक्षरापाशी अडखळली, पण सोडलं नाही.  टॉवेल सरांच्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढून हातात घेतला, चुरगळला आणि परत खांद्यावर टाकला. त्यांना किती लागलं असेल ते त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. ज्यांना स्वतःचा चेहरा ठाऊक नसतो त्यांना तो लपवताही येत नाही.

शाळा उघडल्यावर ते संपत सरांकडे गेले. दार उघडं होतं, मी ऐकलं. "ह्या पोरीला छापील वाचता येतंय. मोठी अक्षरं दिली तर ती शिकेल. पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवू."

"आणि आहे ती नजर गेली तर?"

"मी तिच्या डोळ्यांवर चार वर्षं टॉवेल टाकला, सर. नजर त्यानं वाचली का?"

"भरतराव, पावसाळ्यानंतर बघू." पावसाळ्यानंतर बघू म्हणजे काय ते आपल्याकडच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे.

पावसाळ्यानंतर हौशीरामशेठ आले. सोसायटीची निवडणूक जवळ आली होती आणि वडिलांची पुण्यतिथी बरोबर त्याच आठवड्यात पडली होती. जिलेबी आली, मांडव उभा राहिला, फोटोवाला आला. काळे चष्मे वाटले गेले. कल्याणीच्या हातात पुष्पगुच्छ होता.

शेठ आले ते थेट माझ्यापुढं. फेटा सारखा केला, मिशांवरून बोट फिरवलं. मग त्यांना वडिलांचं नाव दिसलं आणि मागं वळून ते मंडळींना म्हणाले, "बघा, ह्यो आरसा आमीच दिला. वडलांच्या नावानं. ह्या लेकरांसाठी."

मागं कुणीतरी तोंडावर हात ठेवून हसलं. मग दुसरा हसला. शेठच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला, आणि पडला तेव्हा त्यांचा चेहरा मी अगदी समोरून पाहिला. असा चेहरा रोज बघायला मिळाला असता तर मी कधी तक्रार केली नसती.

"आंधळ्यांच्या शाळंत आरसा लावला कुनी?" शेठ संपत सरांवर उखडले. "आमची चेष्टा करता व्हय? कोन वाचनार हितं आमच्या बापाचं नाव?"

संपत सर नुसतेच हात जोडत राहिले. तेवढ्यात कल्याणी पुढं आली. शेठना वाईट वाटलंय एवढंच त्या पोरीला कळलं होतं, आणि ते वाईट वाटणं घालवायचा उपाय आपल्याकडं आहे असं तिला वाटलं.

"मला येतंय वाचाया," ती म्हणाली.

बादली कोपऱ्यातच होती. ती चढली, काळा चष्मा काढून पुष्पगुच्छात खोचला आणि नाक टेकवून खणखणीत वाचलं, "कै. चिमाजी यांच्या स्मरणार्थ, हौशीराम चिमाजी, निरगुडसर." एवढ्या माणसांत ती एकदाही अडखळली नाही.

शेठनी वडिलांच्या नावावर हात ठेवला. बापाचं नाव कुणी असं मन लावून वाचलेलं त्यांनी ऐकलं नसावं. त्या एका क्षणापुरता तो माणूस बरा होता, मी नाही म्हणणार नाही. पण बरोबरचा कार्यकर्ता कानाशी लागला, "शेठ, ही तर डोळस हाय. ढळढळीत बघती."

लगेच शेठची मान ताठ झाली. "म्हंजे डोळस पोरं बसवून आमाला येड्यात काढायचा धंदा चाललाय हितं. जिलेबी आंधळ्यांसाठी आनली व्हती आमी."

मुलांनी जिलेबी खाल्ली, पण फोटो निघाला नाही. मोटारी गेल्यावर संपत सरांनी डिंभ्याला निरोप धाडला की येऊन मुलीला घेऊन जा, ती आमच्या शाळेत बसत नाही.

पोपट आला तो अंगाला माशाचा वास घेऊनच. खुर्चीवर बसला नाही. व्हरांड्यात, माझ्याच खाली उभा राहून बोलला. "सायेब, गावची शाळा म्हनती ही आंधळी हाय. तुमी म्हनता ही डोळस हाय. आमाला एकदाच काय ते सांगा. हिला नेऊ तरी कुठं? होडीत घालून धरनाच्या मधोमध बसवू?"

संपत सर नियम सांगायला लागले. भरत सर वर्ग सोडून बाहेर आले. "नियम मलाही पाठ आहेत. पाटीवर अंशअंध लिहिलंय, का ते पुसायचं? ही गेली तर तिच्याबरोबर मीही जातो. मग ब्रेल तुम्ही शिकवा."

ब्रेल संपत सरांना येत नव्हतं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. शेवटी त्यांना तोडगा सुचला. "मुलगी राहू द्या," ते म्हणाले. "आरसा काढा."

म्हणजे ज्यांना डोळे होते त्यांनी निकाल दिला की गुन्हेगार मी. शिपायानं मला उतरवलं आणि अडगळीत, हार्मोनियमच्या मागं, तोंड भिंतीकडं करून उभं केलं. जाताना कल्याणी बाहीनं माझी काच पुसत होती, तेवढं मला शेवटचं दिसलं.

पुढची वर्षं मी काही पाहिलं नाही. ऐकलं मात्र पुष्कळ. आरशाला ऐकायची सवय नसते, शिकावी लागली. भिंतीपलीकडं वर्ग होता. भरत सर तिला पुण्याला घेऊन गेले हे मला तिच्या आवाजातून कळलं. एके दिवशी ती पुस्तक वाचायला लागली, जाड चष्मा आणि हातात भिंग घेऊन, असं मुलं आपसांत सांगत होती. सर म्हणायचे, "कल्याणी, नाक खाली घाल. आणखी खाली." टॉवेलचा उल्लेख पुन्हा कधी आला नाही. मग एका वर्षी तो आवाज थांबला, ती दहावी होऊन गेली. माझ्यावरचा लाल रंग दमटपणानं पोपडे धरत गेला. अधूनमधून दार उघडायचं आणि आणखी एक हार्मोनियम आत यायची.

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास दार उघडलं आणि नवीनच बाईंचा आवाज आला. "सर, ह्या रंगाच्या पेट्या इथं कुजत ठेवल्यात? माझ्या वर्गातल्या पोरांना रंग दिसतात."

"ने सगळ्या," भरत सर म्हणाले. संपत सर निवृत्त झाले होते, आता मुख्याध्यापक हेच होते. आवाज थकला होता, काठी तशीच वाजत होती.

मग कुणीतरी मला उचललं, फिरवलं आणि उजेडात धरलं. जाड भिंगांचा चष्मा माझ्याजवळ आला, आणखी जवळ आला, आणि नाक काचेला टेकलं. नाक मी ओळखलं. रंगाचे तुकडेच उरले होते, त्यातून वाचण्यासारखं काही नव्हतं. तरी तिनं न बघता सगळं म्हटलं, चिमाजींपासून निरगुडसरपर्यंत. भरत सर दारात उभे राहून ऐकत होते. 

"भंगारवाला यायचाय उद्या," शिपाई म्हणाला. "त्यात टाकू का?"

"हातोडी आण," कल्याणीबाई म्हणाल्या.

जुना खिळा व्हरांड्यात तसाच होता. शिपाई मला तिथं अडकवायला निघाला तर बाईंनी थांबवलं. आपल्या वर्गातल्या सर्वांत लहान पोराला बोलावलं, भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि त्याच्या नाकाशी बोट ठेवलं. "हितं ठोक," त्या म्हणाल्या. शहरात शिकून आल्या तरी तेवढं 'हितं' राहिलंच होतं.

"बाई, पाव्हन्यांना दिसायचं न्हाई."

"न्हाई दिसलं तर न्हाई."

तेव्हापासून मी इथं आहे. ज्यांना कमी दिसतं ती पोरं माझ्यावर नाकं घासतात, जिभा काढून बघतात, माझ्यावर खडूनं मोठी अक्षरं काढतात आणि पुसतात. ज्यांना मुळीच दिसत नाही ती अजूनही गार लागतं म्हणून गाल टेकवतात. मी दिवसभर मळलेला असतो. कुशाबाई आता नाहीत, नाहीतर बोलल्या असत्या.

पाहुणे अजून येतात. सवयीनं माझ्यापुढं थांबतात आणि मी त्यांना त्यांची पोटं दाखवतो. पोट, पट्टा, शर्टाचं खालचं बटण. चेहरा बघायचा तर कमरेत वाकावं लागतं, गुडघे मोडावे लागतात, पोरांच्या उंचीला यावं लागतं. बहुतेक जण तसे वाकत नाहीत, नुसतेच इकडंतिकडं बघत आत जातात. तुम्हीही कधी घोडेगावच्या रस्त्यानं आलात तर या. केळी आणू नका, हार्मोनियम तर मुळीच नको. आलात तर वाका, नाहीतर तुमचं तोंड मी तुम्हाला दाखवणार नाही.